असेंब्लीची लायब्ररी सीमध्ये नेताना

असेंब्लीतला, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका इन्स्ट्रक्शनच्या पातळीवर लिहिलेला, कोड बिघडला म्हणून सोडावा लागतो, असं क्वचितच घडतं. तो चालतच असतो, भोवतालचं सगळं बदलतं. आमच्या हाती होती ती लायब्ररी ३२-बिट एक्स८६ असेंब्लीत, मायक्रोसॉफ्टच्या मॅझम या असेंब्लरच्या धाटणीत लिहिलेली. आकड्यांचं मजकुरात रूपांतर करणारी रूटीनं, चेकसम, मोठ्या पूर्णांकांचं गणित, एक डीकंप्रेसर आणि एका जुन्या फाइल फॉरमॅटचा पार्सर, एवढा तिचा पसारा. ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट ऑब्जेक्ट फाइल जोडता येत नाही. मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर ६४-बिट बिल्डमध्ये इनलाइन असेंब्ली स्वीकारतच नाही. २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस १०.१५ नं ३२-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं, आणि एआरएम प्रोसेसरवर तर या कोडचा काही उपयोगच नाही.

‘पण असेंब्ली वेगवान असते’ हा आक्षेप येतोच. १९९३ च्या पेंटियममध्ये दोन पाइपलाइन होत्या आणि इन्स्ट्रक्शनच्या जोड्या नीट जुळल्या तरच त्या दोन्ही कामाला लागत. त्यासाठी उलटसुलट विणलेला कोड आजच्या आउट-ऑफ-ऑर्डर प्रोसेसरला काही देत नाही. फक्त वाचणाऱ्याला छळतो. युनिक्सचा कर्नल १९७३ मध्येच पीडीपी-११ च्या असेंब्लीतून सीमध्ये गेला. म्हणजे वाट जुनी आणि मळलेली आहे, तरी खड्डे चुकत नाहीत. कारण असेंब्लीच्या रूटीनचा करार, म्हणजे ते काय घेतं, काय देतं, वाटेत काय मोडतं, हा कुठेच लिहिलेला नसतो. आमचा बहुतेक वेळ तो करार शोधण्यात आणि तपासण्यात गेला. सी टाइप करायला त्या मानानं थोडाच लागला.

आधी बायनरी जुळवा

सोर्स हाताशी आहे म्हणजे चालणारी बायनरी त्याच सोर्सची आहे, असं धरून चालू नये. पहिलं काम हे, की सोर्स जुन्याच असेंब्लरनं बिल्ड करायचा आणि वापरात असलेल्या बायनरीशी ताडून पाहायचा. जुना असेंब्लर मिळाला नाही आणि नॅझमसारखा दुसरा वापरला, तर बाइट जुळणार नाहीत, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ईबीएक्स या रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतली छोटी साठवणीची जागा) ईएएक्समध्ये मूव्ह करायला एक्स८६ वर दोन वेगवेगळी एन्कोडिंग आहेत, दोन्ही वैध. मॅझम एक निवडतो, नॅझम दुसरं. म्हणून बाइटऐवजी दोन्हींचं डिसअसेंब्ली काढून मजकूर ताडायचा. ऑब्जडंप हे टूल त्याला पुरतं. त्यातूनही जे फरक उरतात ते खरे. बहुतेकदा कुणीतरी बायनरीतच दुरुस्ती केलेली असते आणि सोर्स तसाच राहिलेला असतो. अशा वेळी बायनरीचं म्हणणं प्रमाण मानायचं, कारण वापरणारे तीच वापरत आलेत.

घिड्रासारखे डीकंपायलर, म्हणजे बायनरीवरून सी कोडचा अंदाज काढणारी टूलं, इथे वाचनाला मदत करतात, विशेषतः कोण कुणाला कॉल करतं याचा आराखडा काढायला. त्यांनी दिलेला सी कोड मात्र तसाच उचलून चिकटवू नये. त्यात टाइप अंदाजानं लावलेले असतात, आणि कॅरी फ्लॅगमधून (फ्लॅग म्हणजे प्रोसेसरमधला एका बिटाची खूण; कॅरी म्हणजे हातचा) येणारं उत्तर तर अनेकदा गायबच असतं.

प्रत्येक रूटीनचं कार्ड

मग प्रत्येक रूटीनसाठी एक छोटी फाइल केली: इनपुट कोणत्या रजिस्टरमध्ये, आउटपुट कोणत्या रजिस्टरमध्ये, कॉल करणारा नंतर कोणते फ्लॅग वाचतो, कोणती रजिस्टरं बिघडतात, कोणती मेमरी वाचली किंवा लिहिली जाते, डिरेक्शन फ्लॅग (मेमरीत पुढे जायचं की मागे ते ठरवणारा) कसा लागतो, एक्स८७ च्या (दशांशाचं गणित करणाऱ्या जुन्या भागाच्या) स्टॅकवर काय उरतं. हे कंटाळवाणं वाटतं, पण नंतरचं अर्धं काम यातच होऊन जातं.

फ्लॅगांचं सगळ्यात निसटतं. चूक झाली की कॅरी सेट, सापडलं की झीरो सेट, ही असेंब्लीतली सर्रास पद्धत. कॉलच्या लगेच खाली जेसी किंवा जेझेड (कॅरी किंवा झीरो पाहून मारलेली उडी) दिसलं की कळतं. पण मूव्ह, एलईए, पुश, पॉप ही इन्स्ट्रक्शन फ्लॅगला धक्का लावत नाहीत, त्यामुळे कॉलनंतर चार-पाच ओळींनी वाचलेला फ्लॅगही त्याच कॉलचा असू शकतो. ग्रेपनं मजकूर शोधून भागत नाही. प्रत्येक कंडिशनल जंपपासून उलटं वर जाऊन फ्लॅग शेवटचा कुणी बदलला ते पाहावं लागतं.

टाइप कुठेच लिहिलेले नसतात, पण खुणा भरपूर असतात. जेए, जेबी दिसलं की तुलना अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडे न मानणारी. जेजी, जेएल दिसलं की साइन्ड. मूव्हझेडएक्स आणि एसएचआर अनसाइन्डची खूण, मूव्हएसएक्स आणि एसएआर साइन्डची. दोन ऑपरंडचा आयमल मात्र साक्षीदार म्हणून कामाचा नाही, कारण गुणाकाराचा खालचा अर्धा भाग दोन्ही प्रकारांत सारखाच येतो. एकच आकडा एका ठिकाणी साइन्ड आणि दुसऱ्या ठिकाणी अनसाइन्ड तपासलेला दिसला तर थांबून बघावं. पुष्कळदा ती युक्ती असते: ‘शून्य किंवा जास्त, पण मर्यादेपेक्षा कमी’ ही दुहेरी तपासणी एकाच अनसाइन्ड तुलनेत उरकलेली. ऋण आकडा अनसाइन्ड वाचला की प्रचंड मोठा होतो आणि आपोआप बाद ठरतो.

काही रचनांना सीमध्ये थेट जोड नाही. एक रूटीन संपून पुढच्यात तसंच घसरतं, मध्ये रिटर्न नसतो. एका रूटीनला दोन-तीन प्रवेशद्वारं असतात. कॉलच्या लगेच पुढे कोडमध्येच स्ट्रिंग ठेवलेली असते. बोलावलेलं रूटीन रिटर्न ॲड्रेस उचलून ती वाचतं आणि तिच्यापलीकडे परततं. सगळ्यात वाईट म्हणजे चूक झाली की ईएसपीमध्ये (स्टॅकचा माथा दाखवणाऱ्या रजिस्टरमध्ये) ४ मिळवून रिटर्न करणं, म्हणजे बोलावणाऱ्याला वगळून थेट आजोबांकडे जाणं. यातलं प्रत्येक कार्डावर ठळक लिहून ठेवायचं, कारण इथे सीमधली रचना आपल्यालाच ठरवायची आहे. घसरणाऱ्या रूटीनचं साधं फंक्शन कॉलमध्ये रूपांतर होतं. आजोबांकडे उडी मारणाऱ्या रूटीनला मात्र एरर कोड परत करावा लागतो, आणि मधल्या प्रत्येक पातळीला तो वर पोचवावा लागतो.

दोन्ही बाजूंचे शिम

सगळी लायब्ररी एका दमात बदलायची नसेल, आणि बदलूही नये, तर काही काळ दोन्ही भाषा एकत्र नांदाव्या लागतात. त्यासाठी दोन प्रकारचे शिम, म्हणजे मध्ये बसणारे छोटे जोडतुकडे, लिहिले.

पहिला, सीमधून जुनं रूटीन बोलावणारा. तो एका स्ट्रक्टमधून सगळी रजिस्टरं भरतो, कॉल करतो आणि लगेच, कॉलनंतरचं पहिलंच इन्स्ट्रक्शन म्हणून, पुशएफडी करून फ्लॅग वाचवतो. मध्ये एखादं झॉर किंवा ॲड आलं तर फ्लॅग गेले. ईबीएक्स, ईएसआय, ईडीआय आणि ईबीपी ही चार रजिस्टरं सीच्या कराराप्रमाणे जशीच्या तशी परत द्यावी लागतात. असेंब्लीला त्याची पर्वा नव्हती, म्हणून ती शिमनं आधी जपून ठेवायची.

दुसरा शिम उलटा. अजून असेंब्लीत असलेला कोड नव्यानं सीमध्ये गेलेल्या फंक्शनला बोलावतो, तेव्हा त्याला ईसीएक्स आणि ईडीएक्स जागेवर सापडायला हवेत, कारण जुनं रूटीन त्यांना हात लावत नसे. सी कंपायलर ती दोन्ही आणि ईएएक्स खुशाल बिघडवतो. म्हणून आत शिरताना रजिस्टरं पुश, बाहेर पडताना पॉप. सी फंक्शननं परत केलेला एरर कोड कॅरीत न्यायला एनईजी सोयीचं: किंमत शून्य असेल तर कॅरी शून्य, नसेल तर एक. त्यानंतर स्टॅक सरळ करायला ॲड वापरलं की कॅरी पुसला जातो. तिथे एलईए वापरायचं.

या उलट्या शिममध्ये दोन बिघाड हमखास होतात आणि दोन्ही उशिरा उघडकीला येतात. पहिला स्टॅकच्या अलाइनमेंटचा. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर कॉलच्या वेळी स्टॅक १६ बाइटच्या सीमेवर आहे असं धरून चालतो. जुना असेंब्ली कोड ४ बाइटपलीकडे काही पाळत नाही. ऑप्टिमायझेशन बंद असेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. ते चालू केलं की कंपायलर मूव्हएपीएससारखं अलाइनमेंट मागणारं एसएसई इन्स्ट्रक्शन घालतो आणि प्रोग्राम अशा ओळीवर कोसळतो जिच्यात काहीच चूक दिसत नाही. उपाय एवढाच, की शिमनं ईएसपी जपून ठेवायचा, १६ च्या पटीत खाली आणायचा आणि परतताना पूर्ववत करायचा.

दुसरा डिरेक्शन फ्लॅगचा. मागून पुढे कॉपी करण्यासाठी असेंब्लीत एसटीडी (हा फ्लॅग एक करणं) केलेलं असतं आणि सीएलडी (तो शून्य करणं) करायच्या आधीच सी फंक्शन बोलावलं जातं. सीच्या करारानुसार हा फ्लॅग शून्यच असला पाहिजे. जीसीसी ४.३ च्या आधी कंपायलर स्ट्रिंग इन्स्ट्रक्शनपूर्वी स्वतः सीएलडी घालत असे; २००८ मधल्या त्या आवृत्तीपासून त्यानं ते बंद केलं. त्यामुळे जुन्या कंपायलरवर वर्षानुवर्षं चाललेली जोडणी नव्यावर मेमरी उलट्या दिशेनं लिहीत सुटते. प्रत्येक उलट्या शिमच्या तोंडाशी सीएलडी घालून टाकावं. खर्च नगण्य आहे. एमएमएक्स वापरणारी रूटीनं असतील तर ईएमएमएस झालं आहे ना तेही तिथेच बघावं, नाहीतर त्यानंतरचं एक्स८७ चं गणित नॅन (‘हा आकडाच नाही’ असं उत्तर) देऊ लागतं.

पहिली फेरी: कुरूप पण तंतोतंत

आम्ही एक नियम कडक पाळला: एका फेरीत एकच गोष्ट. पहिल्या फेरीत सी कोड असेंब्लीशी बिट-न्-बिट जुळवायचा, तो कितीही कुरूप दिसो. व्हेरिएबलची नावंसुद्धा ईएएक्स, ईडीएक्सच, टाइप ३२-बिट अनसाइन्ड, कॅरीसाठी वेगळं व्हेरिएबल, लेबलं तीच आणि जंपच्या जागी गोटू. हा कोड पाहून रिव्ह्यू करणारे नाक मुरडतात. मुरडू द्यावं. सुधारणा आणि रूपांतर एकाच कमिटमध्ये मिसळलं की उत्तर चुकल्यावर दोष कशाचा हे कळायला मार्ग उरत नाही. क्रमही खालून वर: दुसऱ्या कुणाला न बोलावणारी रूटीनं आधी.

कॅरीची साखळी ही पहिली अडचण. मोठ्या पूर्णांकांच्या बेरजेत एडीसी (कॅरीसह बेरीज) ओळीनं येतं. सीमध्ये बहुतेक जण लिहितात: बेरीज म्हणजे अ अधिक ब अधिक कॅरी, आणि बेरीज अ पेक्षा लहान आली तर नवा कॅरी एक. ब ४२९४९६७२९५ असेल आणि आलेला कॅरी १ असेल, तर बेरीज पुन्हा अ एवढीच येते. ती अ पेक्षा लहान नाही, म्हणून कॅरी शून्य धरला जातो. खरा कॅरी एक असतो. रँडम चाचण्यांत ब ची नेमकी हीच किंमत चारशे कोटींत एकदा येणार, म्हणजे चाचण्या हिरव्या राहणार. बेरीज ६४-बिट व्हेरिएबलमध्ये घ्यावी आणि वरचे ३२ बिट कॅरी म्हणून वापरावेत.

गुणाकारात दोन सापळे आहेत. ३२-बिटच्या मलचं उत्तर ईडीएक्स आणि ईएएक्स मिळून ६४ बिटांचं असतं, त्यामुळे गुणण्याआधी एका बाजूला ६४-बिट करून घ्यावं लागतं. नंतर करून उपयोग नाही. दुसरा जास्त फसवा. दोन १६-बिट अनसाइन्ड आकडे सीमध्ये गुणताना आधी साइन्ड इंट होतात. ६५५३५ गुणिले ६५५३५ म्हणजे ४,२९,४८,३६,२२५, आणि ३२-बिट इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. अनसाइन्ड टाइप लिहूनही साइन्ड ओव्हरफ्लो झाला, आणि तो सीमध्ये अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही.

हेच बढतीचं प्रकरण उलट्या बाजूनंही चावतं. एएलमध्ये बीएल मिळवून एसएचआरनं निम्मं करणारा कोड घ्या. २०० आणि १०० ची बेरीज ३००, ती ८ बिटांत ४४ होते, निम्मे २२. तीच ओळ सीमध्ये सरळ लिहिली तर बेरीज इंटमध्ये होते आणि उत्तर १५० येतं. गणिताच्या दृष्टीनं १५० बरोबर आहे, आणि म्हणूनच मोह होतो. पण ते रूटीन चेकसमचं असेल तर २२ हेच बरोबर, कारण आजवर लिहिलेल्या सगळ्या फाइल्स त्यावर उभ्या आहेत. पहिल्या फेरीत २२ च आणायचं. ती मूळची चूक वाटत असेल तर नोंद करून ठेवायची आणि नंतर स्वतंत्र कमिटमध्ये निर्णय घ्यायचा.

भागाकारात फरक वेगळ्या जातीचा. डीआयव्ही ६४ बिटांना ३२ बिटांनी भागतं आणि भागाकार ३२ बिटांत मावला नाही तर प्रोसेसर अपवाद उठवतो, प्रोग्राम थांबतो. सी ६४-बिट भागाकार काढतो आणि ३२-बिट व्हेरिएबलमध्ये टाकताना वरचे बिट गुपचूप कापतो. जुना कोड आपटत होता, नवा खोटं बोलतो. भागण्याआधी एक तपासणी पुरते: वरचा ३२-बिट भाग भाजकाएवढा किंवा मोठा असेल तर उत्तर मावणार नाही. भाजक शून्य असला तरी हीच तपासणी लागू पडते.

शिफ्टबद्दल एवढंच, की ३२-बिट शिफ्टमध्ये प्रोसेसर मोजणीचे खालचे पाचच बिट पाहतो, म्हणजे ३२ नं शिफ्ट केलं तर काहीच हलत नाही. सीमध्ये ते अनडिफाइन्ड. मोजणी ३१ शी अँड करून लिहावी. कंपायलर ती पद्धत ओळखतो आणि जास्तीचं इन्स्ट्रक्शन घालत नाही. एसएआरच्या जागी दोनानं भागाकार लिहू नये: उणे ७ चं एसएआर उणे ४ देतं, भागाकार उणे ३.

डीकंप्रेसरमधली गंमत वेगळी. एलझेड७७ घराण्याच्या फॉरमॅटमध्ये ‘एक बाइट मागे जा आणि तिथून ५० बाइट कॉपी कर’ अशी सूचना येते, म्हणजे शेवटचा बाइट ५० वेळा लिही. रेप मूव्हएसबी बाइटमागून बाइट पुढे जातं, आत्ताच लिहिलेला बाइट पुढच्या पावलाला वाचतं, त्यामुळे हे आपोआप घडतं. याच्या जागी मेमसीपीवाय टाकलं तर एकमेकांवर चढलेल्या जागांमुळे वर्तन अनडिफाइन्ड. ‘मग मेममूव्ह घ्या’ हा सल्ला रिव्ह्यूमध्ये येतोच, आणि तोही चूक आहे. मेममूव्ह मूळ मजकूर जपून कॉपी करतं, म्हणून पहिला बाइट बरोबर येतो आणि पुढे बफरमध्ये आधी पडलेला कचरा. अंतर लांबीपेक्षा कमी असेल तेव्हाच हे बिघडतं, म्हणून साध्या फाइल्सवर दिसत नाही. इथे बाइट-बाइट पुढे जाणारं साधं लूपच हवं, आणि शेजारी कॉमेंट हवी की या पॉइंटरांना रिस्ट्रिक्ट (‘या जागा एकमेकांवर चढत नाहीत’ असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावू नये. वेग वाढवायला नंतर येणारा माणूस नेमकं तेच लावतो.

स्ट्रक्टच्या बाबतीत सी११ चं स्टॅटिक असर्ट आणि ऑफसेटऑफ हाताशी ठेवावं. ईएसआय अधिक १२ म्हणजे नेमकं कोणतं फील्ड, हे बिल्डच्या वेळीच पक्कं होतं. डिस्कवर जाणाऱ्या स्ट्रक्टमध्ये पॉइंटर असेल तर ६४-बिटवर तो ८ बाइटचा होऊन सगळं पुढे सरकतं. लाँग तर वापरूच नये: ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, विंडोजवर ४ चा. बफरमधून चार बाइट उचलायला पॉइंटर कास्ट न करता मेमसीपीवाय वापरावं. एक्स८६ वर त्याचं एकच लोड इन्स्ट्रक्शन बनतं आणि अलाइनमेंट व एलियसिंगचे (एकच जागा दोन टाइपांनी वाचण्याचे) दोन्ही प्रश्न मिटतात.

एक्स८७ चं गणित बिट-न्-बिट जुळेल ही आशा सोडावी. ते आत ८० बिटांत चालतं, ६४-बिट बिल्डमधला डबल ६४ बिटांत. किती फरक चालेल ते आधी ठरवून लिहून ठेवायचं. पूर्णांकात रूपांतर मात्र जुळवता येतं. एफआयएसटीपी जवळच्या पूर्णांकाकडे जातं आणि अर्ध्यावर सम आकडा निवडतं: २.५ चे २, ३.५ चे ४. सीचा कास्ट दशांश कापून टाकतो. राउंड फंक्शन २.५ चे ३ करतं. जुळणारं फंक्शन एलरिंट आहे.

जुनी असेंब्ली हाच पंच

चाचण्यांमध्ये बरोबर-चूक ठरवायचा अधिकार जुन्या असेंब्लीला दिला. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या नावांनी एकाच ३२-बिट प्रोग्राममध्ये लिंक करायच्या आणि एकच इनपुट दोघांना द्यायचं. परत आलेली किंमत, कार्डावर नोंदलेले फ्लॅग आणि बफरमधली सगळी मेमरी, हे तिन्ही जुळलं पाहिजे. बफरच्या मागेपुढे ठरावीक बाइटचा पट्टा ठेवला की हद्द ओलांडून लिहिलेलं लगेच दिसतं. फ्लॅगांत मात्र कुणी वाचत नाही ते मास्क करून टाकावेत. मलनंतर झीरो आणि साइन फ्लॅगची किंमत प्रोसेसरच्या व्याख्येतच ठरलेली नाही.

जिथे शक्य तिथे सगळीच इनपुटं चालवावीत. दोन ८-बिट आकडे म्हणजे ६५,५३६ जोड्या, काहीच नाही. एका ३२-बिट इनपुटाच्या सुमारे ४२९ कोटी किंमती होतात. प्रत्येक आवृत्तीला १० नॅनोसेकंद लागत असतील तर एका कोअरवर दीड मिनिटात संपतात. त्यापलीकडे ०, १, १२७, १२८, २५५, ३२७६७, ३२७६८ अशा काठावरच्या किंमतींची सगळी कॉम्बिनेशन, आणि त्यावर फझर, म्हणजे इनपुट आपोआप बदलत राहणारं चाचणीचं टूल. लिबफझरला दोन्ही आवृत्त्या बोलावणारं फंक्शन दिलं आणि फरक दिसला की अबॉर्ट करायला सांगितलं, की तो स्वतःच वाटा शोधतो. पार्सर आणि डीकंप्रेसरला हाच मार्ग लागू पडला.

मेमरीच्या चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरला हातानं लिहिलेल्या असेंब्लीच्या आतलं दिसत नाही, कारण तो तपासणी घालतो ती कंपाइल करताना. म्हणून बफर पेजच्या अगदी शेवटाला टेकवून ठेवायचा आणि पुढच्या पेजची परवानगी एमप्रोटेक्टनं काढून घ्यायची. एक बाइट जरी पुढे वाचला तरी प्रोग्राम जागेवर थांबतो. चार-चार बाइट उचलणारी जुनी रूटीनं शेवटी तीन बाइटपर्यंत पुढे वाचतात असं यात सर्रास आढळतं. सीमध्ये ते उतरवायचं नाही. एक्स८७ चं गणित सोडलं तर बिट-न्-बिट नियमाला हा एकच अपवाद.

सी कोड जीसीसी आणि क्लँग दोन्हींवर, ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू, ३२ आणि ६४ बिट, असा सगळीकडे चालवायचा. ऑप्टिमायझेशननं उत्तर बदललं की कुठेतरी अनडिफाइन्ड वर्तन आहे असं समजून अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझर लावायचा. एफरॅपव्ही या कंपायलरच्या फ्लॅगनं साइन्ड ओव्हरफ्लोला ठरलेला अर्थ मिळतो, पण तो कायमचा ठेवू नये. दुसरा कुणी तो फ्लॅग न लावता बिल्ड करणारच. ६४-बिट प्रोग्रामला जुनी असेंब्ली जोडता येत नाही, म्हणून ३२-बिट प्रोग्रामकडून इनपुट-आउटपुटच्या जोड्या फाइलमध्ये लिहून घेतल्या आणि ६४-बिट व एआरएम बिल्ड त्यांच्याशी ताडले. क्यूईएमयू या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर बिग-एंडियन (मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) प्रोसेसरची एक फेरी मारली तर बाइटक्रमाच्या चुका आयत्या हाती लागतात.

दुसरी फेरी

आता कोड माणसांसाठी लिहायचा. इथून तुलना सीची सीशी. गोटू जाऊन लूप येतात, ईडीएक्सला खरं नाव मिळतं, कॅरीतला एरर इनम होतो, दोन रजिस्टरांत परत येणारी उत्तरं एका छोट्या स्ट्रक्टमध्ये जातात. कोड स्वतःलाच बदलत असे ती ठिकाणं, म्हणजे लूपच्या आतला स्थिरांक चालताचालता लिहिणं वगैरे, साधे पॅरामीटर होतात. असेंब्लीतल्या कॉमेंट फेकून देऊ नयेत. ‘इथला क्रम बदलू नये’ असा शेरा असेल तर कारण सापडेपर्यंत तो खरा मानावा.

कंपायलरला निरुपयोगी वाटणारा कोडही इथेच तपासावा. पासवर्डचा बफर वापरून झाल्यावर शून्यानं पुसणारं रेप एसटीओएसडी असेंब्लीत कुणी काढत नसे. सीमध्ये त्याच जागी मेमसेट लिहिलं आणि तो बफर नंतर वाचला जात नसेल, तर ऑप्टिमायझर ते बिनदिक्कत उडवतो. सी२३ मध्ये त्यासाठी मेमसेट एक्सप्लिसिट आहे. जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सची सी लायब्ररी) एक्सप्लिसिट बीझीरो. वेळ काढण्यासाठी ठेवलेली रिकामी लूपंही अशीच गायब होतात, पण तिथे मुळातच टायमर वापरायला हवा होता.

थेट रस्टमध्ये का नेलं नाही, असं विचारलं जातं. पहिल्या फेरीला गोटू लागतो आणि रस्टमध्ये तो नाही. लेबलं सोडवणं आणि रूपांतर एकत्र करावं लागलं असतं. दुसरी फेरी रस्टमध्ये करायला मात्र हरकत नाही. रॅपिंग ॲड, ओव्हरफ्लोइंग ॲड अशी वेगळी फंक्शन असल्यानं कोणती बेरीज गुंडाळायची आणि कोणती नाही ते कोडमध्येच दिसतं. सीमध्ये ते कॉमेंटमध्ये सांगावं लागतं.

वेग शेवटी मोजला. प्रत्येक रूटीन आधीपेक्षा वेगवान व्हावं हा हट्ट धरला नाही. एकूण कामाच्या वेळेत जे दिसतं तेवढंच महत्त्वाचं. कंपायलर एक्सप्लोररमध्ये निघालेली असेंब्ली पाहिली की कारण सहसा चटकन कळतं. पॉइंटर एकमेकांवर चढत असतील या शंकेनं लूप व्हेक्टराइझ झालेलं नसतं, किंवा ३२-बिट इंडेक्स प्रत्येक फेरीत ६४-बिट करावा लागत असतो. मोठ्या पूर्णांकांच्या बेरजेला ॲडकॅरी नावाचं इंट्रिन्सिक (सीमधून थेट एखादं इन्स्ट्रक्शन वापरायची सोय) आणि सीआरसी३२ चेकसमला एसएसई ४.२ चं इंट्रिन्सिक पुरतं. पूर्ण असेंब्ली लागत नाही. त्या इन्स्ट्रक्शनचं पॉलिनॉमियल मात्र कास्टाग्नोली आहे, झिपमधलं नाही. फाइल फॉरमॅट झिपचं वापरत असेल तर टेबलवालाच कोड ठेवावा.

असेंब्लीत राहिली ती दोनच रूटीनं: मोठ्या पूर्णांकांच्या गुणाकाराचं सर्वात आतलं लूप, आणि गुप्त मजकुरांची समान वेळ घेणारी तुलना. दुसरं वेगासाठी नाही. पहिल्या फरकाशी लवकर बाहेर पडणारी शाखा घालायची मुभा कंपायलरला असते, आणि तसं झालं तर वेळ मोजून गुपित काढता येतं. दोन्हींना शेजारी सीची आवृत्ती आहे. अनोळखी प्रोसेसरवर बिल्ड तिच्याकडे वळतो, आणि एक्स८६ वर प्रत्येक बिल्डमध्ये दोन्ही एकमेकींशी ताडल्या जातात. तुलनेच्या रूटीनची सी आवृत्ती वापरली गेली तर बिल्ड इशारा देतो, म्हणजे त्या प्रोसेसरवर निघालेली असेंब्ली कुणीतरी डोळ्यांनी तपासून घ्यायची.